टोळाला दाराबाहेर काढा

स्वप्नात दिसलेल्या किड्यामुंग्यांचा ख्रिस्ती अर्थ सांगण्यात एकेकाळी अख्ख्या नागपुरात माझा पहिला नंबर होता. दुसरा नंबर नव्हता, कारण हा उद्योग करणारं दुसरं कोणी नव्हतं.

याचं मूळ माझ्या नावात. आईनं माझं नाव योसेफ ठेवलं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, योसेफानं राजाच्या स्वप्नांचा अर्थ सांगितला आणि तो थेट कारभारी झाला. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून झालो. (पत्र आलं की आवक, गेलं की जावक. या कामाला दैवी देणगी लागत नाही.) पण दर बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी चर्चच्या मंडळीची प्रार्थनासभा भरायची, तिथं माझा रुबाब वेगळाच होता.

सभेत एक बिस्किटांचा रिकामा डबा फिरायचा. ज्याला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी, त्यानं ती चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. नाव लिहायचं नाही, हा नियम. देवाला नाव माहीत असतंच, इतरांना कशाला सांगायचं, असं आईचं म्हणणं. मग मी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचो आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थना करायचे. सुनेचा ताप, पोराचं गणित, छपराची गळती, असं सगळं त्या डब्यातून निघायचं.

एकदा चिठ्ठी निघाली, ‘स्वप्नात मुंग्यांची रांग दिसली. अर्थ काय?’ पाळकसाहेब गप्प बसले. मला गप्प बसवलं नाही. मी बोलून गेलो, “मुंगी म्हणजे मेहनत. शास्त्रात तिचं कौतुक आहे. या घरात कोणाला तरी काम लागणार.” पंधरा दिवसांत शेजारच्या मार्थाबाईंच्या थोरल्याला गिरणीत काम लागलं! (पोरगा दोन वर्षांपासून अर्ज करून राहिला होता, हे सगळे सोयीस्कर विसरले.) पुढच्या बुधवारी मार्थाबाई भर सभेत रडल्या. “माझीच चिठ्ठी होती वं बाई ते! योसेफले देणगी हाय!”

झालं! तिथून चिठ्ठ्यांतला सुनेचा ताप संपला आणि किडे सुरू झाले. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतात. अंगावरून सगळी जीवसृष्टी फिरून जाते. स्वप्नात किडे नाही येणार तर काय हत्ती येणार? पण मी प्रत्येकाला शास्त्रातला आधार काढून द्यायचो. मधमाशी दिसली? शास्त्रातल्या एका वीराला मेलेल्या सिंहात पोळं सापडलं होतं, तेव्हा संकटातून गोड निघणार. कपड्याला कसर लागलेली दिसली? इथल्या संपत्तीचा मोह सोडा. ढेकणाचा उल्लेख काही सापडेना, म्हणून एका गृहस्थाला मी नुसतंच म्हणालो, खाट उन्हात टाका. हा माझा एकमेव अर्थ जो शंभर टक्के खरा निघाला.

विल्सनभाऊ म्हणून एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांच्या स्वप्नात माश्या आल्या. मी सांगितलं, “माश्या ही मिसरावर, म्हणजे इजिप्तवर, देवानं धाडलेली पीडा. आणि मिसरातून सुटलेले लोक कशाची आठवण काढून रडले? कांद्याची! तेव्हा कांदा सोडा.” विल्सनभाऊंनी सोडला. आमच्याकडे मटणाच्या रश्शात कांदा नसणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. माणूस वाळत चालला, पण कांद्याला शिवला नाही.

आता शांतवनकाकांकडे वळतो. शांतवनकाका रेल्वेत कारकून आणि आमच्या चर्चचे पंच. त्यांची मुलगी सुशीला शाळेत शिकवायची. तिच्याशी माझं लग्न ठरलं होतं आणि मी तिच्यावर जीव टाकत होतो. हे सांगायला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही. लग्न ठरल्यापासून दर रविवारी उपासना संपली की मी काकांच्या क्वार्टरवर जेवायला जायचो. काकूंच्या हाताला अशी चव की विचारू नका! काकू म्हणायच्या, “घ्या ना अजून,” आणि मी घ्यायचो. हे म्हणणं खरं मानायचं नसतं, असं मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमच्यात लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार पुकार होते. पाळकसाहेब मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत आहे का? तिन्ही पुकारा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आमची पहिली झाली होती. गांधीबागेतून लग्नाचं कापडही आणून झालं होतं.

आणि त्या बुधवारी डब्यातून चिठ्ठी निघाली. अक्षर ओळखीचं नव्हतं. मी खणखणीत आवाजात वाचली:

‘स्वप्नात मी जेवायला बसतो. शेजारी एक लांब तंगड्यांचा टोळ येऊन बसतो. तो ताटातलं खातो, मग पातेल्यातलं खातो. घरच्या बाईमाणसाला काही उरत नाही. हे स्वप्न दर रविवारी दुपारी पडते.’

(रविवारी दुपारी! तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं.)

मी डोळे मिटले. मग हात वर केला. “मंडळी, ही चेतावणी आहे! मिसरावर टोळधाड आली तेव्हा देशात हिरवं पान उरलं नाही. या घरात नुकतंच कोणीतरी नवं माणूस येऊ लागलं आहे. दिसायला गरीब, बोलायला गोड. पण ते घर खाऊन टाकणार. त्याला दाराबाहेर काढा!”

सभेत कोणीतरी जोरात खोकलं. सुशीलेनं पदर तोंडात कोंबला. आई माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी दुधाचं भांडं उलथवलं आहे. मला वाटलं, आज आपला प्रभाव पडला.

शांतवनकाकांनी हळूच विचारलं, “बाहेरच काढा लागन का जी? जरा समज देऊन नाही भागणार?”

“काका,” मी म्हणालो, “टोळाले समज नसते!”

“मंग एखादी संधी...?”

“बिलकुल नाही! आणि हे येत्या रविवारच्या आत झालं पाहिजे.” (ही मुदत माझ्या पदरची. कोणी मागितली नव्हती.)

रविवारी मी टेरिकॉटचा हिरवा शर्ट घालून पुढच्या बाकावर बसलो. दुसरी पुकार होती. पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. महिला मंडळाची बैठक, पेटीमास्तरांची रजा, कोणाची तरी छत्री चर्चमध्ये राहिली होती ती. मग त्यांनी वही मिटली. माझं नाव नाही! सगळी मंडळी माझ्याकडे वळून पाहत होती.

मी तडक क्वार्टर गाठलं. काका दारातच उभे होते. आतून रश्शाचा वास येत होता.

“काका, आज पुकार झाली नाही जी!”

“हाव. मीच थांबवली.”

“काहून?”

“तुम्हीच तं सांगतलं ना! चाळीस माणसांत. रविवारच्या आत म्हणे.”

“मी? मी तं त्या टोळाचं...”

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी सहा फूट उंच. हातपाय काड्यांचे. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, अंगात हिरवा शर्ट. मीही मग स्वतःकडे पाहिलं. बाप रे!

“काका, थांबा! टोळाचा दुसरा अर्थ पण निघते! रानात राहणारा तो शास्त्रातला संदेष्टा टोळ नि मध खाऊन राहत होता. म्हणजे टोळ वाईट नाही, पवित्र माणसाचं अन्न आहे!”

“म्हंजे आता तुम्हाले खाऊ का मी?” काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी मागच्या अंगणाकडे गेलो. सुशीला नळावर भांडी विसळत होती.

“सुशीला, तुझ्या बाबांना असं स्वप्न पडलं तरी कसं वं?”

“बाबांना स्वप्नं पडत नाहीत. उशीला डोकं लागलं की सकाळीच उठतात.”

“मग ती चिठ्ठी?”

तिनं पातेलं खाली ठेवलं. “तुम्ही रविवारी किती पोळ्या खाता जी?”

“मोजल्या नाहीत.”

“आईनं मोजल्या. चौदा. आईला आणि मला मागच्या रविवारी चिवडा खावा लागला. जावयाला तोंडावर कसं म्हणायचं? मग बाबांनी स्वप्नाचं सोंग काढलं, आईकडून चिठ्ठी लिहून घेतली. तुम्ही हुशार आहात, इशारा समजाल आणि दोन पोळ्या कमी खाल, असं त्यांना वाटलं. तुम्ही तर स्वतःलाच हाकलून लावलं!”

“मग सांग ना त्यांना, पुकार पुन्हा सुरू करा म्हणून!”

“कसे करतील? दुसरे पंच विचारून राहिले, देवानं इतकं साफ सांगितलं तरी हे लग्न काहून लावता? आता दोनपैकी एकच होऊ शकते. एक तर बाबांनी कबूल करायचं की प्रार्थनेच्या डब्यात मी खोटं स्वप्न टाकलं. नाहीतर तुम्ही कबूल करायचं की तुम्हाला अर्थ सांगता येत नाही. बाबा पंच आहेत.” तिनं पातेलं पुन्हा उचललं. “तुम्ही कोण आहात?”

मी आवक-जावक कारकून होतो. उत्तर सोपं होतं, पण ते तीन दिवस माझ्या घशाखाली उतरलं नाही. कचेरीत मला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. बुधवारी मात्र चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत बसायची. ते सोडायचं जिवावर आलं होतं. पण सुशीला गेली तर त्या बुधवाराचं मी काय लोणचं घालणार होतो?

बुधवारी मी उभा राहिलो. काका समोर मान खाली घालून बसले होते. मी म्हणालो, “मंडळी, मला माफ करा. मला स्वप्नांचा अर्थ सांगता येत नाही. कधीच येत नव्हता. मी मनाला येईल ते ठोकून देत होतो.”

मग मार्थाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “पाहा जी! केवढी नम्रता!”

“आमेन!” मागून दोघं-तिघं म्हणाले.

“नम्रता नाही मार्थाबाई, खरंच सांगून राहिलो! तुमच्या पोराला त्याच्या अर्जावर काम लागलं!”

“अर्ज पण देवच करवते ना बाप्पा!”

एका बाईनं लगेच विचारलं, “माझ्या सपनात गोम आली होती, तिचं काय ते आजच सांगून टाका.” मी जितका नाही म्हणू लागलो तितकी मंडळी माझ्यावर अधिक विश्वास ठेवू लागली. पाळकसाहेबसुद्धा मान डोलावू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

“विल्सनभाऊ!” मी शेवटी ओरडलो. “तुमचा कांदा! त्या कांद्याला काही आधार नव्हता! तुमच्या घरामागे उकिरडा आहे, म्हणून माश्या!”

विल्सनभाऊ सावकाश उठले. “म्हंजे तीन महिने मी फोडणीत नुसतं पाणी टाकून राहिलो, ते कायले?”

“कशालाच नाही, भाऊ.”

“माझ्या साळ्याच्या लग्नात मी उपाशी उठलो!”

आता मात्र सभा पेटली. कसरीच्या अर्थावरून एका बाईंनी शालू नणंदेला देऊन टाकला होता, त्या उठल्या. नणंद शेजारीच बसली होती, तीही उठली. कोणी म्हणे देणगी आहे, कोणी म्हणे ढोंग आहे. बिस्किटाचा डबा कोणाच्या तरी पायाखाली आला. या गलक्यात आई उठली. आई सभेत कधी बोलत नसे, म्हणून सगळे गप्प झाले.

“मंडळी,” आई म्हणाली, “याले काहीच येत नाही. मी याची माय हावो. लहानपणापासून पाहून राहिली.”

एवढंच. आणि सगळ्यांना एकदम पटलं! मी अर्धा तास घसा फोडून जे पटवू शकलो नाही, ते आईच्या एका दमात पटलं. मार्थाबाईसुद्धा म्हणाल्या, “मायच म्हणते तं बरोबर असन.” शांतवनकाकांनी पहिल्यांदा मान वर केली. जाताना त्यांनी माझा हात दाबला आणि कानात म्हणाले, “योसेफराव, तुम्ही माझी लाज राखली. रविवारी जेवाले या.” मग दारातून वळून म्हणाले, “घरून थोडं खाऊन या.”

रविवारी दुसरी पुकार झाली. पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली आणि विचारलं, “या लग्नाला कोणाची हरकत?”

विल्सनभाऊ उभे राहिले.

“हरकत नाही जी,” ते म्हणाले. “फक्त एक विचारतो. याले काही येत नाही, हे पोरीले सांगतलं का?”

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बायकांच्या बाजूला पाहिलं. सुशीला उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

“हाव जी,” ती म्हणाली. “पूर्ण खात्री करून घेतली.”

आज इतकी वर्षं झाली, लग्नात मला काय काय आहेर मिळाले ते आठवत नाही. पण सुशीलेनं माझ्याविषयी तेवढी एकच खात्री करून घेतली होती, आणि ती मी एकही दिवस खोटी ठरू दिलेली नाही.