अलीकडची भिंत, पलीकडचा उमेदवार

वकीलसाहेबांचं नाव मी अख्ख्या गल्लीला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलं, खाली 'तुमचाच माणूस' लिहिलं आणि ब्रश धुवायला बसलो. तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी दुकानातून बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आपली भिंत वाचली.

"पेंटर, अक्षर झकास आहे रे. पण इकडे बायकांची जागा झालीय ना?"

झालं! नव्या हद्दींनी आमचा रस्ता मधोमध चिरला होता. मावशींची बाजू एका मतदारसंघात, आमची दुसऱ्यात. विधानसभेच्या सोडतीत मावशींची बाजू महिलांसाठी राखीव निघाली, आमची खुली राहिली. म्हणून वकीलसाहेब राहायला मावशींच्या शेजारी असूनही उभे राहणार होते आमच्याकडून. मला हे सगळं ठाऊक होतं. पण आमच्या बाजूच्या भिंतींना पोपडे, मावशींची भिंत गुळगुळीत, शिवाय दुपारची सावली. हात आपोआप तिकडे वळला.

संध्याकाळी न्हाव्याने भर रस्त्यात विचारलं, "साहेब, आता वकीलीणबाई म्हणायचं का?" साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चुना न लावताच मी पांढरा पडलो.

मावशी मात्र हसल्या नाहीत. "पुसणारच आहेस, तर त्या जागी माझं नाव घाल."

लोकांना थट्टा वाटली. मावशींना ओळखणाऱ्यांना नाही वाटली. मावशींचा स्वभाव इस्त्रीसारखा. तापायला वेळ लागतो, पण तापल्यावर समोर सुरकुती टिकत नाही. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेली वस्तू त्या इमानाने परत करतात, टोमणा वर फुकट. "ही घ्या सिनेमाची तिकिटं. दोन आहेत. बायको माहेरी गेलीय ना तुमची?"

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. बरोब्बर हद्दीवर, रस्त्याच्या मधोमध, एक खड्डा पडला होता. इकडचे कार्यकर्ते म्हणत तो तिकडचा, तिकडचे म्हणत इकडचा. गाडी गेली की त्यातला चिखल थेट मावशींच्या दारात टांगलेल्या शर्टांवर. पुन्हा धुवा, पुन्हा इस्त्री करा, बोलणी खा ती वेगळीच. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती.

"आता विधानसभेतच जाऊन विचारते, या खड्ड्याचा बाप कोण!"

मावशींचे यजमान बसचे ड्रायव्हर. ते म्हणाले, "तू निवडून आलीस तर माझ्या कपड्यांना इस्त्री कोण करणार?"

"आत्ता तरी कुठे होते? बसच्या सीटसारखेच दिसता."

अपक्षाला दहा सूचक लागतात. त्यात हौसेने सही ठोकणाऱ्यांत मीही होतो. म्हटलं, भिंतीचं पाप तेवढंच धुतलं जाईल.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. कचेरीत एकाच खोलीत दोन मतदारसंघांची दोन टेबलं. तीन वाजता दार बंद, आणि आमचा नंबर लागला तेव्हा घड्याळ तीनच्या अगदी जवळ आलेलं. कारकुनाने सूचक तपासले आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"हा तुमच्या मतदारसंघातला नाही."

"अहो, समोरच राहतो मी!" मी म्हणालो. "खिडकीतून त्यांची इस्त्री दिसते मला."

"इस्त्री दिसू दे. मत पलीकडे आहे तुमचं. दुसरा सूचक आणा, नाहीतर अर्ज बाद."

मावशी मटकन बाकावर बसल्या. गल्लीत जाऊन माणूस आणण्याएवढा वेळ नव्हता. कुठे तोंड लपवावं ते मला कळेना.

तेवढ्यात त्यांची नजर पलीकडच्या टेबलाकडे गेली. तिथे वकीलसाहेब अर्ज घेऊन रांगेत होते. अंगात मावशींनीच सकाळी इस्त्री केलेला शर्ट. मावशी तडक उठल्या.

"साहेब, एक सही हवी. माझे सूचक व्हा."

"मी? मी स्वतः उमेदवार आहे!"

"उभे पलीकडे आहात. मत तर अलीकडेच ना?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "चालतं."

"गल्लीभर माझं हसं झालं तुमच्या भिंतीमुळे, आणि वर सही?"

"हसं या पेंटरने केलं. आणि मागच्या दोन्ही निवडणुकांना तुमची सूचक कोण होती? चालू इस्त्री खाली ठेवून आले होते मी."

"दोन्ही वेळा अनामत जप्त झाली माझी."

"ती काय माझ्या सहीने झाली?"

कारकुनाने फायलीआड तोंड लपवलं. साहेब हसू दाबायला खोकले, मग खिशातून पेन काढलं. माझं नाव खोडून त्यांचं आलं, शिक्का बसला आणि मावशींचा अर्ज आत गेला.

"झालं? फिटलं आता," साहेब म्हणाले.

"कसं फिटलं? मी दोनदा केली, तुम्ही एकदा. एक सही अजून बाकी आहे."

"ती पुढच्या वेळी!" म्हणत साहेब आपल्या टेबलाकडे धावले.