धारोष्ण दूध आणि माझ्या रक्तातले जंतू

"आजी, तुमच्या रक्तात जंतू सापडलेत. आता त्यांचं नाव ठरवायचंय," नगरच्या रुग्णालयात प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई माझ्या खाटेपाशी येऊन म्हणाल्या. मला बरंच वाटलं. कित्येक आठवडे मी बिननावाचा आजार अंगावर वागवत होते.

सुरुवात तापाने झाली. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने अंथरूण भिजवून उतरायचा. गावाजवळच्या बेलापूरला दाखवलं, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. ताप गेला आणि पुन्हा आला. मग कंबर धरली. खाली बसले की उठायला सुरेखाचा, म्हणजे माझ्या सुनेचा, खांदा लागायचा.

नगरला एमआरआय काढला. खडखडाट करणाऱ्या नळीत झोपवून आतले फोटो काढतात तो. मणक्याला सूज दिसली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी वाटतोय. औषध वर्षभर, आणि कणा खचायला लागला तर ऑपरेशन. सुरेखा बाहेर जाऊन रडून आली. मी रडले नाही. वर्षभर खाटेवर पडून मी करणार काय? लोकांच्या कामाला नावं ठेवायची, तर त्यालाही तिथवर चालत जावं लागतं.

औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करायचं ठरलं. रक्त बाटलीत घालून, जंतूंना खाणं देऊन उबेला ठेवतात. असतील तर वाढतात. दुधाला विरजण लावून वाट बघण्यातलाच प्रकार. आधी काहीच दिसेना, मग एका बाटलीत वाढ दिसली.

तिथे सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा आणि कॅमेऱ्याला संगणक जोडलेला आहे. त्या संगणकाला जंतूंचे ढीगभर फोटो नावानिशी दाखवून शिकवलंय. रंग दिलेली काच ठेवली की आकार, रंग बघून तो अंदाज सांगतो. याला आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणतात, म्हणजे यंत्राला शिकवलेली अक्कल. बाईंनी मोबाईलवर मला माझे जंतू दाखवले. गुलाबी, बारीक, कुणी मूठभर रेती उधळावी तसे.

"यंत्र दोन नावांत अडकलंय," बाई म्हणाल्या. "वरचं नाव ब्रुसेला. तो गुरांतून येतो, कच्च्या दुधातून. पण तुमच्याकडे दूध उकळूनच घेतात ना?"

"व्हय, साय धरंस्तोवर उकळते मी," सुरेखा ठामपणे म्हणाली.

इथे मला एका तरुण बाईची ओळख करून द्यायला हवी. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा तिला वाटायचं, जगातली सगळी अक्कल तिच्या पदरात बांधलीय. धार काढताना पहिली चिळकांडी थेट तोंडात घ्यायची. धारोष्ण दुधाने हाडं लोखंडाची होतात म्हणे. शहरातली नणंद दूध तापवायला लागली की तिला सांगायची, अगं, त्यातला जीव मारतेस तू. जीव मारण्यासाठीच तापवतात, हे त्या शहाणीच्या गावीही नव्हतं. ती बाई म्हणजे मी. आणि ती अजून रोज सकाळी गोठ्यात तांब्या तोंडाला लावत होती.

"सुरेखा, चहा घेऊन ये जा," मी म्हटलं.

"मी कुठं जात न्हाई. बोला."

मग बोलावंच लागलं. सुरेखाने कपाळाला हात लावला. "आत्याबाई, मी हिकडं गॅस जाळते आन् तुमी तिकडं वासरागत पिता व्हय?"

बाईंनी हसू दाबलं आणि विचारलं, एवढ्यात एखादी गाय गाभडली का, म्हणजे दिवस भरायच्या आधीच वासरू पडलं का? गाभडली होती. वासरामागून पडणारी वार आत अडकली होती, ती मीच ओढून काढली, उघड्या हातांनी. बाईंचं हसू गेलं. तो जंतू प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागतो, म्हणून त्यांनी लगेच फोन करून माझी बाटली जपून हाताळायला सांगितली. मग रक्ताची वेगळी तपासणी झाली. ब्रुसेलाच निघाला. यंत्राचं वरचं नाव बरोबर होतं. टीबी नव्हता.

काही दिवस इंजेक्शनं, नंतर काही महिने दोन प्रकारच्या गोळ्या. ऑपरेशन नाही. गोळ्यांनी तोंडाची चव गेली, पण कंबर परत आली. गाईची तपासणी झाली, तिच्यातही तोच जंतू निघाला. एका पाहुण्याने सुचवलं, घोडेगावच्या गुरांच्या बाजारात विकून टाका. त्याला म्हटलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या म्हातारीची कंबर मोडायची का? गाय वेगळी बांधली आणि पुढचं गुरांच्या डॉक्टरांवर सोपवलं.

बायांनो, ताप जाऊन-येऊन असेल आणि सांधे, कंबर धरली असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. गोठ्यात काय केलं, काय प्यालात, सगळं सांगा. सून समोर असली तरी सांगा.

शेवटच्या तपासणीला मी कुणाचा खांदा न धरता जिना चढले. डॉक्टरबाईंनी विचारलं, नाव न लावता माझ्या जंतूंचे फोटो यंत्राला शिकवायला ठेवले तर चालतील का? पुन्हा कुणी असं आलं तर यंत्राला ओळखणं सोपं जाईल.

"खुशाल ठेवा," मी म्हटलं. "पण हेबी शिकवा त्याला, काचंवर दिसंना ते म्हातारीला इचारायचं."