टमाटा बोलू दे

बंगल्यावरच्या काकूनं वाढायच्या आधी कधीच काही चाखून बघितलं नाही. ना डाळ, ना खीर, ना मुंबईच्या पाहुण्यांना लागायची ती पास्त्यावरची तांबडी चटणी. पळीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायचा, ही आपल्याकडं घरोघरच्या बायांची सवय. काकू तेवढंही करायची नाही. "वाढायच्या आदी जीभ लावली का ते उष्टं झालं," ती म्हणायची. "मग पुढं देव बसू दे नायतर पावणा." तिच्या आईकडं नैवेद्याला हा नियम होता. काकूनं तो पास्त्यालाही लावला.

धसईच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत, मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे आणि स्वयंपाक काकू करायची. मी आठवीत शाळा सोडली, मग आठ-नऊ वर्षं लावणी, कापणी, मिळेल ते काम केलं आणि तिच्या हाताखाली आले. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची असेन, पण भित्री इतकी की गेटवर गाडी वाजली तरी मी दाराआड व्हायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून कप फुटला. मी तिथंच उभी राहून रडायला लागले. काकू म्हणाली, "कप फुटलाय. तू नाय फुटलीस. केरसुनी घे."

ती चटणी आम्हाला मालकांच्या मुलीनं, म्हणजे ताईंनी, एकदाच करून दाखवली होती. पुढच्या खेपेला काकूनं आपल्या मनानं मोहरी-हिंगाची फोडणी दिली, वर हळद टाकली. ताई हसून हसून खाली बसल्या. "काकू, अहो, यात हळद नसते! मोहरी पण नसते!"

"मंग तेलात काय, लसूण एकटाच?"

"एकटाच."

काकूनं जरा विचार केला. "बरं. एकट्याला सांभाळून घ्यावं लागंल." त्या दिवसापासून तिनं त्या चटणीतला लसूण कधी लाल होऊ दिला नाही. मंद आचेवर तेलात तो नुसता मऊ करायची, आणि तेवढा वेळ चुलीपासून हलायची नाही.

एकदा ताई मुंबईहून बारीकशा पुडीत कसला तरी पाला घेऊन आल्या. याच्याशिवाय ही चटणी होत नाही म्हणाल्या. काकूनं पुडी नाकाला लावली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. आली ती ओंजळभर पाला घेऊन. "ताई, हा तर आमचा सब्जा. बांधाला हाय. एवढ्या लांबून कशाला वागवलात?" ताईंनी दोन्ही पाले चुरून वास घेतला आणि आपली पुडी गुपचूप बाजूला ठेवली.

पण चाखायचं नाही तर चटणी झाली हे कळणार कसं? काकू ते कानानं ओळखायची. आमच्याकडचे गावठी टोमॅटो आंबट आणि पाणीदार. त्यांना चीर देऊन उकळत्या पाण्यातून काढायचे, सालं सोलायची, हातानंच कुस्करायचे आणि लसणीवर ओतायचे. मीठ, लिंबाएवढा नव्हे, चिंचोक्याएवढाच गूळ, आणि मग वाट बघायची. मला धीर निघायचा नाही. "काकू, झाली असंल. उतरवू का?" ती डोळे मिटून पातेल्याकडं कान द्यायची. "आजून पाणी बोलतंय. टमाटा बोलू दे." आधी खळखळ असायची. हळूहळू तो आवाज जड व्हायचा, बसल्या आवाजात कुणी एकेक शब्द बोलावा तसा. कडेला तेल दिसायच्या आधी तिला ते ऐकू यायचं. "हां. आता उतार."

एकदा मी घाईत तिला न विचारता मीठ घातलं, नंतर तिनंही घातलं. पाहुण्यांनी पहिल्याच घासाला पाण्याचे ग्लास उचलले. आता माझं काम गेलंच, असं मी धरून चालले. काकू पदर खोचून बाहेर गेली आणि म्हणाली, "आज माझा हात चुकला." आत आल्यावर मला एवढंच, "मीठ घालणारी एकच पायजे. आजपासून तू."

पाहुणे जेवून जे उरेल ते माझ्या डब्यात जायचं. आई आणि दोघे धाकटे भाऊ घरी वाट बघत असायचे. डबा भरायची मी, पण झाकण नीट बसलंय का ते काकू स्वतः हातानं दाबून बघायची. वाटेत सांडायला नको. ती स्वतः घरून आणलेली भाकरी खायची. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. भावांच्या बोटांना लागलेली चटणी मला दिसायची, तिची भाकरी दिसायची नाही.

मग एका रविवारी एक जोडपं आलं. डेहराडूनच्या वर डोंगरात त्यांचं छोटं हॉटेल होतं. चटणी खाऊन बाई आत आल्या आणि कुणी केली विचारलं. आम्हाला अशी बाई हवीये, म्हणाल्या. मी काकूकडं बघितलं. काकूनं माझ्याकडं बोट केलं. "हिनं केली. मी आता म्हातारी झाली, हीच करते समदं." त्या दिवशी मी फक्त मीठ घातलं होतं. चटणी खारट झाली तेव्हा ती काकूची होती, चांगली झाली तेव्हा माझी.

निघायच्या दिवशी ती मला एसटीवर सोडायला आली. पिशवीत सब्जाचं बी बांधून दिलं. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकू, खरंच सांग, तुला कशी लागते गो ही चटणी?"

"मला काय म्हाईत? मी कदी खाल्ली?"

एवढ्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली. "चल, आत्ता करते."

"येडी का काय? एसटी जाईल. पुढल्या खेपंला ये नि कर. दुसऱ्या कोणी वाढली का खाईन मी."

पुढची खेप दोन वर्षांनी आली, भावाच्या लग्नाला. मी काकूला निरोप धाडला, येते म्हणून. आणि गेले नाही. लग्नाची गडबड होती हे खरं, पण पूर्ण खरं नाही. हॉटेलात मी विकतच्या, डबाबंद टोमॅटोची चटणी करायला लागले होते, आणि दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात घालून बघत होते. काकूसमोर उभी राहिले आणि मला आवाज ओळखता आला नाही तर? या भीतीनं मी आज-उद्या करत राहिले आणि परतीच्या गाडीत बसले. नंतर आईनं फोनवर सांगितलं, काकूनं दोन दिवस टोमॅटो सुपात निवडून ठेवले होते. सब्जा तोडून ओल्या फडक्यात गुंडाळला होता.

यंदा मी फक्त तिच्यासाठी आले. बंगला विकला गेलाय, काकू मुलाकडं किन्हवलीला असते. कल्याणहून आसनगाव, तिथून शहापूर, मग किन्हवलीची एसटी. मांडीवर टोमॅटोची आणि पास्त्याची पिशवी होती. दारातच मुलगा म्हणाला, "सुमनताई, आईला आता कोण वळखू येत नाय. मलापन कदी कदी. वायट वाटून घेऊ नको."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. मी नाव सांगितलं, ती नुसती हसली. मी कामाला लागले. लसूण लाल होऊ दिला नाही. चमचा तोंडात घातला नाही. टोमॅटो ओतला आणि उभी राहिले, आणि मला खरंच काही कळेना. शेवटी मी गॅसकडं हात नेला.

"आजून पाणी बोलतंय," मागून आवाज आला. मी वळून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

किती वेळ गेला ठाऊक नाही. "हां. आता उतार."

मी ताटलीत उकडलेला पास्ता काढला, वर चटणी घातली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं ताटली हातानं सरकवली. "आदी पावण्यांना."

"काकू, ही तुझी आहे. मी वाढलीय. तू म्हणाली होतीस ना?"

"आदी पावण्यांना गो."

मी ताटली परत तिच्याकडं सरकवली. "पाहुणे जेवले, काकू. ही उरलीय."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "उरलीय? मंग बघत काय बसलीस? भर तुज्या डब्यात. तुजे भाऊ उपाशी असतील."

माझे भाऊ आता मोठे बाप्ये झालेत, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या सुनेनं डबा दिला. मी तो भरला, झाकण लावलं. काकूनं हात पुढं केला आणि झाकण नीट बसलंय का ते दाबून बघितलं.