रस्त्याकडे तोंड केलेला फळा

लाखनीहून साकोलीकडे जाताना माझं गाव डाव्या हाताला लागतं. लागतं म्हणजे काय, हायवेच्या कडेलाच पसरलेलं आहे. आधी जिल्हा परिषदेची शाळा, मग पिठाची चक्की, मग वळणावर माझं घर. ट्रक चालवायचो तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा मी या घरासमोरून जायचो आणि थांबायचो नाही. नागपूरहून किराणा भरून रायपूर, रायपूरहून लोखंडी सळई भरून नागपूर. भरलेली गाडी ठरलेले ढाबे सोडून मधे कुठे थांबवायची नाही, असा मालकाचा दंडक होता आणि प्रत्येक ढाब्यावर मालकाची माणसं होती. लोक दुबईला जाऊन घरापासून दूर राहतात, मी घरासमोरून जाऊन दूर राहत होतो. महिन्यातून दोन दिवस सुट्टी मिळायची, तेवढाच काय तो घरी.

त्यामुळे पोरगी मला ओळखायची, पण बोलायची नाही. मी घरी आलो की ती आजीच्या लुगड्याआड उभी राहायची आणि तिथून माझ्याकडे असं बघायची, जसा मी भाड्याने खोली विचारायला आलोय. फोनवर तर आनंदच होता. "जेवली का?" "हो." "शाळेत गेली होती?" "हो." "काय शिकवलं?" "काही नाही." लगेच फोन आईच्या हातात. ती पहिलीत गेली तेव्हा मला वाटलं, आता तरी चार गोष्टी सांगेल. कसचं काय, तिचं 'काही नाही' आणखी पक्कं झालं. मी तापट माणूस, मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. ही अशीच मोठी होईल, एक दिवस लग्न होऊन निघून जाईल आणि आमचं बोलणं 'हो' आणि 'नाही'च्या पुढे कधी जाणारच नाही, ही ती भीती.

त्या वर्षी पहिलीच्या वर्गाला नव्या मॅडम आल्या होत्या, पवनीकडच्या. शाळेत काय चाललंय ते घरोघरी कळलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आधी त्यांनी पालकसभा बोलावली. ते नेमके रोवण्याचे दिवस. सगळं गाव चिखलात, बांधीत वाकून धान लावत होतं, सभेला कोण येणार? मग त्या घरोघरी फिरल्या. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी लोकांनी "तुम्ही म्हनता ते बराबर हाय जी" म्हणून मान डोलावली. आमच्या घरी माझ्या आईने त्यांना आग्रहाने दोनदा चहा पाजला आणि त्या उंबऱ्याबाहेर पडल्यावर माझ्या बायकोला विचारलं, "कायले आली होती वो ही बाई?"

तेव्हा मॅडमनी निराळीच शक्कल लढवली. शाळेच्या आवारभिंतीला रस्त्याच्या बाजूने काळा रंग मारून फळा करून घेतला, कारण शेतावर जाणारं-येणारं सगळं गाव तिथूनच जातं. शाळा सुटली की त्या फळ्यावर त्या रोज एक प्रश्न लिहायच्या. सूचना नाही, नुसता प्रश्न. माझ्या बायकोला त्यांनी समजावून सांगितलं होतं, "पोरीले 'काय शिकली' विचारलं तर ते 'काही नाही'च म्हननार. तुम्हाले कोनी विचारलं, वर्षभर काय केलं, तर तुम्ही काय सांगसान? मी लिहीन तेवढंच विचारा."

हे मला कोणी कळवलं नव्हतं. कळलं ते माझ्या क्लीनरमुळे. हा क्लीनर माझ्याहून वयाने बराच मोठा. गाडी शिकलाच नाही, कारण त्याच्या मते काहीही झालं तरी शिव्या ड्रायव्हरलाच बसतात. मला 'उस्ताद' म्हणायचा आणि काकासारखा रागवायचा. रायपूरकडे जाताना शाळा त्याच्या बाजूला येते. एकदा दिवस कलताना आम्ही गावातून चाललो होतो, तेव्हा तो खिडकीतून डोकं आत घेऊन म्हणाला, "उस्ताद, तुमच्या शाळेच्या भिंतीवर बेडूक हाय."

"काय हाय?"

"बेडूक. लिवला हाय. 'पहिलीचे पालक, घरी विचारा. आज बेडकाने कोणाच्या डब्यात उडी मारली?'"

देवरीच्या अलीकडे चहाला थांबलो तिथून मी घरी फोन लावला. पोरगी फोनवर आली. 'जेवली का' मी विचारलंच नाही. म्हटलं, "बेडूक कोनाच्या डब्यात गेला?"

पलीकडून आवाज आला, "तुमाले कोनं सांगितलं?"

आणि मग जे धरण फुटलं! "तो त चक्कीवाल्याच्या पोराच्या डब्यात गेला. भात होता ना, भातावर बसला. मंग रडला. बेडूक नाही, पोरगा रडला. मॅडमनं बेडूक हातावर घेतला. मॅडमले भेव नाही वाटत. मले पन नाही वाटत. थोडंसं वाटते. मंग आमी समद्यानं पाटीवर बेडूक काहाडला, मी शेपटीवाला काहाडला, मॅडम म्हनली, लहान असते तवा असते शेपटी…" ती बोलत राहिली आणि मी नुसता "हं, हं" करत राहिलो. शेवटी माझ्या फोनचा बॅलन्स संपला तेव्हाच ती थांबली. माझे डोळे भरून आले होते. क्लीनर समोरच्या खाटेवर बसून वाट बघत होता. म्हणाला, "मंग? कोनाच्या डब्यात?"

"चक्कीवाल्याच्या पोराच्या."

"वाटलंच मले," तो म्हणाला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

त्या दिवसापासून गाव आलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. जाताना क्लीनर वाचायचा, येताना शाळा माझ्या बाजूला यायची, तेव्हा मी. घरी प्रश्न मीच विचारायचा, असं बायकोने ठरवून टाकलं होतं. आईलाही तिने बजावून ठेवलं होतं, मधे तोंड घालायचं नाही. मी गाडीवर असायचो आणि तरी मला माहीत असायचं की वर्गात कोणाची चप्पल बदलून गेली, चिंचोके मोजताना कोणी चिंचोका गिळला, अक्षरं गिरवायला मॅडमनी राख का आणायला सांगितली. पोरगी आता फोन वाजला की धावत यायची, असं बायको म्हणायची. एवढ्यावर मी खूश होतो.

गंमत म्हणजे फळा रस्त्यावर होता, तेव्हा वाचणारा मी एकटा थोडाच होतो! आमच्या लाइनीवरचे मराठी ड्रायव्हर, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांना चटक लागली. ढाब्यावर मला लोक विचारायचे, "का रे, तुह्या गावच्या पहिलीत त्या दाताचं काय झालं?" कारण फळ्यावर लिहिलं होतं, 'आज कोणाचा दात पडला आणि तो कवेलूवर गेला की खाली आला?' कवेलू म्हणजे कौल, पडलेला दात आमच्याकडे त्यावर फेकतात. एक सांगलीकडचा ड्रायव्हर तर गाडी बाजूला लावून थेट शाळेत गेला. म्हणाला, "बाई, मी परवा परत जाणार, मला आत्ताच सांगा." मॅडम म्हणाल्या, "मला नका विचारू, त्यांना विचारा." साऱ्या वर्गाने एकदम आरडाओरडा करून त्याला उत्तर दिलं. त्यातलं त्याला अक्षर कळलं नसणार, पण हसत गेला म्हणे.

परसाची, म्हणजे पळसाची, फुलं रस्त्याच्या कडेने लाल झाली, वर्ष संपत आलं, तेव्हा एका सोमवारी फळ्यावर वेगळंच लिहिलेलं दिसलं. क्लीनरने मोठ्याने वाचलं, "पहिलीचे पालक, आता तुम्ही विचारू नका. शुक्रवारी सकाळी शाळेत या. पोरं तुम्हाला विचारणार."

मी हिशेब केला. शुक्रवारी सकाळी आम्ही सळई घेऊन रायपूरहून परत येत असणार, गाडी भरलेली. साकोली आली, देवरी गेली, मी तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिलो. घाटात क्लीनरच खाकरला. "उस्ताद, उन्हाळा लागला. इंजिन गरम होते अशा दिवसात. शुक्रवारी तुमच्या गावाजवळ आपलं इंजिन गरम होनार, असं मले वाटून राहिलं."

आणि झालंच ते गरम. शुक्रवारी शाळेजवळ गाडी कडेला घेतली, क्लीनरने बोनट उघडलं आणि चेहरा अगदी चिंतेत करून तो त्यासमोर उभा राहिला. मी ग्रीस लागलेल्या कपड्यांनीच वर्गात शिरलो. वर्ग खचाखच भरलेला. ज्या गावाला पालकसभेला वेळ नव्हता, ते गाव आपल्या पोरासमोर परीक्षा द्यायला झाडून आलं होतं. माझी आई आणि बायको मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका पोराने आपल्या आईला विचारलं, "रोवना करताना परहा कोन्या हातात धरते?" परहा म्हणजे धानाची रोपं. तिने जन्मभर हेच काम केलेलं, पण तोंडाने सांगता येईना. शेवटी ती पदर खोचून भर वर्गात वाकली, रिकाम्या हातांनी दोन-चार रोपं लावली आणि ओरडली, "डाव्या!" एका म्हाताऱ्या आजोबाला नातवाने खेकड्याचे पाय विचारले. त्याने आयुष्यभर खेकडे खाल्ले होते, मोजले कधीच नव्हते. मॅडमचा नियम असा होता की माहीत नसलं तर लाजायचं नाही, उद्या येऊन सांगायचं.

माझी पोरगी उठली. माझ्याकडे न बघता, मॅडमकडे बघत तिने विचारलं, "रायपूरकडे जाताना मोठ्या पुलावर नदीचं पानी कोन्या हाताकडून कोन्या हाताकडे जाते?" त्यांचं तेव्हा डावं-उजवं चाललं होतं.

भंडाऱ्याजवळचा तो वैनगंगेचा पूल. मी तिथून किती वेळा गेलोय याची मोजदाद नाही. पुलावरचे खड्डे आठवले, कठडा कुठे तुटलाय ते आठवलं, पोलीस कुठे उभा राहतो तेही आठवलं. पाणी काही आठवेना. म्हटलं, "माहीत नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मंग उद्या सांगा."

मागून माझी आई म्हणाली, "त्याचं उद्या महिन्यानं येते." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पोरगी मात्र हसली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं आणि ती खाली बसली.

गाडी सुरू केली तेव्हा मी चिडलेलो होतो, आईवर, मालकावर, सगळ्यांवर. पुलाच्या अलीकडे मी गाडी थांबवली. आम्ही दोघं चालत पुलावर गेलो आणि कठड्यावरून वाकलो. आता गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी पुलापर्यंत मागे येऊन थोपलेलं, त्यामुळे नदी हलतच नव्हती. क्लीनरने आपल्या फाटक्या सीटमधली मूठभर तणस आणली होती, ती खाली टाकली. ती पडली तिथेच बसून राहिली, मग वाऱ्याने चक्क उलटी सरकली. आमचं तिथेच भांडण जुंपलं. खाली एक ढिवर डोंग्यात बसून जाळं ओढत होता. क्लीनरने वरून हाक मारली, "का जी, पानी कोनीकडे जाऊन राहिलं?"

त्याने मान वर केली, आम्हाला नीट न्याहाळलं. "कुठी जाते? इथीच त हाय!" मग स्वतःच हसला आणि हात लांब करून म्हणाला, "तिकडं. धरनाकडं."

मी रायपूरकडे तोंड करून उभा राहिलो. लहान पोरासारखे दोन्ही हात बाजूला पसरले आणि खात्री करून घेतली. मागून एक कारवाला हॉर्न वाजवत गेला, जाऊ दे.

नागपूरला माल उतरवला, किराणा भरला आणि शनिवारी सकाळी परत निघालो. शाळेजवळ मी गाडी कडेला घेऊ लागलो तसा क्लीनर म्हणाला, "पुन्हा गरम?" म्हटलं, "गरम." तो निमूटपणे बोनट उघडायला उतरला.

वर्गात खेकडेवाला आजोबा आधीच येऊन बसला होता. मी दारात उभा राहिलो. पोरं वळून बघायला लागली. मी मोठ्याने सांगितलं, "रायपूरकडे जाताना डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे. गोसीखुर्दच्या धरणाकडे." साऱ्या पोरांनी आपापले हात वर करून डावं-उजवं लावून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर! आता यांना अजून कोण प्रश्न विचारतं?" वर्गभर हात वर झाले.

तेवढ्यात माझी पोरगी ताडकन उठली आणि दोन्ही हात आडवे करून सगळ्या वर्गाला म्हणाली, "नोका विचारू! आमच्या बाबाले जाचं हाय. त्याईची गाडी भरलेली हाय."

मी चपला दाराबाहेर काढल्या आणि तिच्या शेजारी बसायच्या पट्टीवर जाऊन बसलो. म्हटलं, "विचारू दे."