साबुदाण्याची टोपी

काळी टोपी धुवायची नसते. हे मला बहारीनला येऊन, नवं कोरं वॉशिंग मशीन बिघडवून आणि दिराचं लग्न मोडता मोडता कळलं. (माझी शाळा चौथीपर्यंत. टोपीचा धडा बहुतेक पाचवीत असावा.)

ऐंशी सालाच्या अलीकडची गोष्ट. आम्ही मुहर्रकला एका जुन्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे विमानतळावर सामान चढवायच्या-उतरवायच्या कामाला. धाकटा दीर दत्ता एका कंपनीचा ट्रक चालवायचा आणि राहायचा आमच्याकडे. राहायचा म्हणजे जेवायचा, घोरायचा आणि मुख्य म्हणजे ग्रीसने माखलेल्या पँटी माझ्यापुढे टाकायचा. तेव्हा स्पष्टच सांगते, त्याचं लग्न व्हावं म्हणून मी जी धडपड केली ती मायेपोटी नव्हती. त्या पँटींपोटी होती! बायको आली की तो वेगळी खोली घेईल आणि पँटी जातील, एवढाच माझा हिशोब.

पण मुली नाही म्हणायच्या. कुणाला ट्रक नको, कुणाला आखात नको. शेवटी मनाम्यातलं एक स्थळ आलं. परबसाहेब मूळचे आपल्याच बाजूचे, पण मुंबईला वाढलेले, इथे बँकेत अकाउंटंट. मुलगी शैला एका दवाखान्यात रिसेप्शनला. परबसाहेबांनी दत्ताला पाहिलं आणि म्हणाले, "मुलगा ठीक आहे. पण घरातलं मोठं माणूस भेटू दे. मग काय ते ठरवू."

मोठं माणूस म्हणजे माझे सासरे. मालवणहून व्हिजिट व्हिसावर आले. येताना दोन टोप्या घेऊन आले, डोक्यावर पांढरी आणि पिशवीत काळी. पांढरी विमानाच्या जिन्यावरच वाऱ्याने नेली! सासरे जिन्यावर डोक्याला दोन्ही हात लावून उभे, टोपी धावपट्टीकडे, तिच्यामागे आमचे हे आणि सगळ्यांच्या मागे एक शिपाई "यल्ला, यल्ला" म्हणजे "चला, चला" ओरडत. टोपी इराणच्या दिशेने गेली असं हे सांगतात. राहिली काळी.

ह्या माणसाला टोपीशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. मी सून होऊन इतकी वर्षं झाली, मलासुद्धा माहीत नव्हतं की वर केस आहेत का काय आहे. टोपीच्या घडीत तंबाखूची पुडी, बसचं तिकीट, सुपारीचं खांड, सगळं राहायचं. मी आपली बघत आलेय. माझ्या आजोबांच्या डोक्याला पागोटं होतं. ते गुंडाळत बसायला बापाला वेळ नव्हता, त्याने पांढरी टोपी घातली. सासऱ्यांनी काळी घातली, कारण ती मळलेली दिसत नाही. आमच्या ह्यांच्या पिढीने टोपी टाकली आणि खिशात कंगवा ठेवला. आता ह्यांच्याकडे कंगवा आहे, केस नाहीत. टोपीवाल्यांचं बरं होतं, केस कधी गेले ते बायकोलाही कळत नसे! माझ्या मते टोपी इतकी वर्षं टिकली ती ह्याच कारणाने, पण पुरुष 'मान' म्हणतात.

तर शुक्रवारी संध्याकाळी परबांकडे जायचं होतं. सकाळी सासरे अंघोळीला गेले आणि खुंटीवरच्या टोपीचा मला वास आला. खोबरेल, घाम आणि तंबाखू. ही टोपी घेऊन अकाउंटंटच्या सोफ्यावर बसणार? नवं मशीन समोर उभं होतं. मी ह्यांच्या कामावरच्या पांढऱ्या शर्टांबरोबर टोपी आत टाकली.

(हसू नका. तुम्ही कधी टोपी फाडून बघितली आहे का आत काय असतं ते?)

आत पुठ्ठा असतो. मशीनने आधी गुरगुर केली, मग उचक्या दिल्या, मग ते गप्प झालं. झाकण उघडलं तर काळ्या पाण्यात पुठ्ठ्याचा लगदा, आणि ह्यांचे शर्ट चिखलातून उठलेल्या म्हशीसारखे. टोपी म्हणून जे हाताला लागलं ते मेलेल्या वटवाघळाएवढं होतं.

सासरे डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आले.

"गो, माझी टोपी खंय?"

"धुतली, मामंजी."

"धुतलंस?" ते मोरीच्या दारातच थांबले. "टोपी कोण धुता गो?"

मी वटवाघूळ दाखवलं. त्यांनी ते बोटाने टोचून पाहिलं. मग शांतपणे खाटेवर बसले.

"आता मी येवचंय नाय. बोडक्या डोक्यान मी व्याह्याच्या दारात पाय ठेवचंय नाय."

"बाबा, हल्ली कोणी टोपी बघत नाही!" दत्ता म्हणाला.

"तुझो ट्रक बघतत काय? तो बघून तर सगळी पळाली!"

दत्ता माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर लग्न मोडल्याचं दुःख होतं. मला मात्र पँटींचा ढीग दिसत होता. असा, छपरापर्यंत!

आमचे हे बाजारात धावले. सगळा मुहर्रक पालथा घातला. शुक्रवार, निम्मी दुकानं बंद. उघड्या दुकानांत काळी टोपी म्हटल्यावर एकाने लोकरीची कानटोपी दाखवली. ऑगस्टमध्ये! इकडे मी शेजारच्या उम्म युसुफकडे गेले. मला अरबी येत नव्हतं, तिला हिंदी अर्धवट. मी डोक्यावर हात ठेवून "बाबा, मफी, मफी" म्हणाले (मफी म्हणजे नाही, एवढं एकच मला यायचं). ती बिचारी रडायलाच लागली, तिला वाटलं बाबा गेले. समजावता समजावता घाम फुटला. मग डोळे पुसून तिने नवऱ्याची गहफिया काढून दिली. अरब माणसं डोक्यावरच्या रुमालाखाली घालतात ती पांढरी जाळीची गोल टोपी. छान कडक इस्त्रीची.

सासऱ्यांनी मोरीत जाऊन, दार लावून ती घातली, बाहेर येऊन आरशात बघितलं, दोन्ही हातांनी पुढे ओढली, मागे सारली. अगदी उम्म युसुफचा नवरा दारात उभा राहून करायचा तसंच. माझी आशा वाढली.

"ह्यां काय गो? भातावरचा झाकण?"

आशा संपली.

"मग मीच शिवते," मी म्हणाले. हे वाक्य मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. मला बटण लावायला येतं. बस्स.

उशीचा पांढरा अभ्रा घेतला, उसवला, डोक्याचं माप मामंजींनी मोरीत जाऊन सुतळीने घेऊन दिलं, आणि दत्ताला मशीनच्या लगद्यातून जुन्या टोपीचा आकार शोधायला बसवलं. पट्टी झाली, वरचा भाग झाला, टोपीसारखं काहीतरी झालं. पण ते उभंच राहीना. दत्ताच्या डोक्यावर ठेवलं की इडलीसारखं बसायचं.

"खळ घाल," आमचे हे म्हणाले. ह्यांना दुसऱ्याला कामं सुचवायला फार छान जमतं.

साबुदाणा शिजवला. जरा जास्तच शिजवला. घाईत पाणी कमी पडलं, तरी म्हटलं, कडक तर होईल! टोपी त्यात बुडवली, पातेल्यावर पालथी घातली, गच्चीवर ठेवली. पण ऑगस्टातली बहारीनची हवा म्हणजे ओलं फडकं. निघायची वेळ झाली तरी टोपी वरून कोरडी आणि आतून चिकट.

"यल्ला, टॅक्सी आली!" दत्ता ओरडला.

"मामंजी, आज डोक्याला तेल नको. टोपीला डाग पडतील," मी म्हणाले. (हेही मीच!)

टॅक्सीत सासरे देवासारखे ताठ बसले होते. टोपी खरंच छान दिसत होती. मी शेजारी बसून स्वतःचं कौतुक करत होते.

परबांच्या घरी एसी होता. गार, खडखडीत. चहा झाला, पोहे झाले, शैला आली, खाली मान घालून बसली. परबसाहेबांनी शेतीचं विचारलं, सासऱ्यांनी रुबाबात उत्तरं दिली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला अस्वस्थ व्हायला हवं होतं. मग परबकाकू कुंकवाची कोयरी घेऊन उठल्या.

"टोपी जरा वर घ्या हं."

सासऱ्यांनी टोपी वर सरकवली. टोपी सरकली नाही. कपाळ सरकलं. दोन्ही भुवया वर गेल्या आणि डोळे मोठे झाले, पण टोपी जिथल्या तिथे! एसीने साबुदाणा पक्का वाळवला होता.

"ऱ्हवांदे," सासरे म्हणाले आणि नाक पुढे केलं. "नाकार लावा."

काकूंचं बोट हवेत थांबलं. परबसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आमचे हे पुढे झाले. "आमच्या घराण्यात टोपी काढत नाहीत. जुनी रीत आहे."

"कसली रीत?" दत्ताने तोंड उघडलं. "वैनीने खळ जास्त घातली!"

मी जमिनीकडे बघत होते. जमीन चांगली होती, फरशीची. फाटायचं नाव घेत नव्हती.

तेवढ्यात शैलाने मान वर केली. "तांदळाची खळ की साबुदाण्याची?"

"साबुदाण्याची," मी म्हणाले.

"मग कोमट पाणी लागेल."

ती उठली, वाडगं आणि कापूस घेऊन आली, आणि सासऱ्यांच्या मागे उभी राहून कानाजवळून टोपी भिजवायला लागली. सासरे न्हाव्यापुढे बसल्यासारखे डोळे मिटून गप्प. टोपी सुटली. थोडे केस घेऊन सुटली, पण सुटली! आणि आम्ही सगळ्यांनी प्रथमच ते डोकं पाहिलं. भुवयांपर्यंत कोळशासारखं काळं, आणि वर लोण्यासारखं पांढरं.

परबसाहेबांनी घाईघाईने मानाचा टॉवेल पुढे केला. "टोपी-टॉवेल द्यायचा होता, पण इथे टोपी मिळाली नाही हो!"

सासऱ्यांनी टॉवेल उलगडला, डोक्यावरून घेतला आणि एखाद्या शेखासारखे ताठ झाले. मग शैलाकडे बोट दाखवून म्हणाले, "ज्या चेडवान माझा उघडा टकला बघल्यान, तां आता घरचाच झाला. फोडा सुपारी!" (चेडू म्हणजे मुलगी. आणि टकला म्हणजे डोकं, केस असोत नसोत.)

परबसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती तोंडावर पदर दाबून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चालेल, बाबा," एवढं कसंबसं बोलली. तिला दत्ता पसंत पडला की आमचा तमाशा, हे मी अजून विचारलेलं नाही.

लग्न झालं. दत्ता म्हणाला, "वैनी, खोली बघतोय. इंशाल्ला, पुढच्या महिन्यात." त्या इंशाल्लात त्यांचं पहिलं मूल झालं, दुसरं रांगायला लागलं, आणि दोघंही नवरा-बायको माझ्याच घरात. तो सकाळी ट्रकवर, ती दवाखान्यात. पँटी होत्याच, आता दोन पोरांचे लंगोटही आले. हे सगळं कोण धुतं, असं लोक विचारायचे.

विचारायचं काय त्यात!