हिरव्या ओढणीची पोरगी

अकोल्यात शाइस्ताचं एका खोलीचं दुकान होतं. बिघडलेल्या डिस्कमधलं हरवलेलं परत काढायचं, एवढंच तिचं काम. पण त्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

एका दुपारी बार्शीटाकळीच्या निवृत्त शिक्षिका जयवंताताई आल्या. त्यांची आई मैनाबाई तीन वर्षांपूर्वी वारली. शेवटच्या उन्हाळ्यात तिच्या तोंडच्या माहेरच्या गोष्टी त्यांनी रेकॉर्ड करून एका डिस्कवर ठेवल्या होत्या. परवा नव्या कॉम्प्युटरला ती डिस्क जोडली, त्यानं काहीतरी विचारलं, यांनी न वाचताच 'हो' दाबलं. डिस्क कोरी दिसू लागली.

"गेलं का वं सारं?"

"नाई ताई. सामान जागच्या जागी असते. कोनतं कुठून सुरू होते, तो नकाशा पुसला गेला. त्याले पार्टिशन टेबल म्हंतात."

शाइस्तानं आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढली आणि नकलेवरच काम केलं. दुसऱ्या दिवशी जुन्या भागाची सुरुवात सापडली, मग शेवटही. नकाशा नव्यानं लिहिल्याबरोबर एकशे बारा फायली समोर उभ्या राहिल्या. नीट वाजतात का, हे पाहायला ती हेडफोन लावून एकेक ऐकू लागली.

एका फायलीत मैनाबाई माहेरच्या, नांदगावच्या विहिरीचं सांगता सांगता थांबली.

"जयवंता, मांगं ते हिरव्या ओढनीची पोरगी कोन व्हय वं?"

"कोनी नाई, आई."

"हाय ना. कवापासून कानाले काईतरी लावून आयकून राहिली. तिले पानी दे."

शाइस्तानं हेडफोन काढला. तिनं मान खाली घालून स्वतःची ओढणी पाहिली. हिरवीच होती. मागं वळून पाहायचा धीर तिला बराच वेळ झाला नाही.

जयवंताताई आल्यावर तिनं ते त्यांना ऐकवलं. त्या ऐकत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "आईले तवा डोयानं काईच दिसत नव्हतं. अन् घरात आमी दोघीच होतो."

"हे काढून टाकू का, ताई?"

"नको. राहू दे."

डिस्क पिशवीत ठेवताना त्यांनी शाइस्ताच्या ओढणीकडे एकदा पाहिलं. मग टेबलावरच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. शाइस्तानं ते पिऊन टाकलं.