अमडापूरची खीर आणि दुसऱ्या दिवसाचा डबा

"बुद्धपौर्णिमेला आमच्या गावी चल," असं ऑफिसमधली शीतल तीन वर्षं म्हणत होती. यंदा हो म्हटलं, पण दोन दिवसांचा डबा सोबत घेऊन.

मला जन्मापासून फ्रुक्टोज पचत नाही. ते फोडणारं एन्झाइम माझ्या यकृतात काम करत नाही. साखर, गूळ, मध, फळं पोटात गेली की उलट्या होतात, रक्तातली साखर घसरते, यकृताला इजा होते. हा मधुमेह नाही. हे वाक्य मी या प्रवासात अकरा वेळा बोलले. त्यामुळे पाहुणी म्हणून मी कुठे जेवत नाही. शीतलकडे एकदा तरी जमेल का, एवढंच बघायचं होतं.

पुण्याहून बसने चिखली, तिथून खामगावकडची एसटी अमडापूरला थांबते. बायकांना अर्धं तिकीट. मे महिन्यात जाणार असाल तर पाणी भरपूर ठेवा. चिखलीच्या स्टँडवर चहावाल्याकडे बिनसाखरेचा चहा मागितला.

"शुगर हाय का ताई? एवढ्याशा वयात?"

"नाही."

"मंग काऊन?"

मी सगळं समजावलं. त्याने नीट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "मंग गुळाचा घ्या."

मी एसटीत जाऊन बसले.

शीतलच्या घरी दुपारी ज्वारीची भाकरी, पालक, वरण. वरणात चिमूटभर गूळ होताच. मी डबा उघडला. संध्याकाळी विहारात वंदना झाली, घरोघरी खीर निघाली. शीतलच्या आईने, म्हणजे काकूंनी, माझ्यापुढे वेगळी वाटी ठेवली.

"तुह्यासाठी अलग केली. साखरेचा एक दाना नाही."

चमचा उचलला, तर खीर तपकिरी.

"काकू, हा रंग कशाचा?"

"खजूर वाटून टाकला. पौष्टिक राह्यते."

मी चमचा खाली ठेवला. "हे खाल्लं तर मला दवाखान्यात न्यावं लागेल."

"आई! तुले यादी वाचून दाखवली होती ना, तिले फळं चालत नाही म्हनून?" शीतल ओरडली.

"खजूर काय फळ हाय? सुका मेवा हाय थो!"

काय चालत नाही याची ती यादी माझीच होती. मी सॉफ्टवेअर तपासते, लोकांच्या अर्धवट सूचनांवर शेरे मारते. खजूर मीच लिहिला नव्हता. चिडायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून जास्तच चिडले. रात्रीही डबाच.

सकाळी काकूंनी मला ओट्यापाशी बसवलं. "मी डबा उचलतो, तू हो नाहीतर नाही म्हन. लेक्चर नको."

तांदूळ, हो. दूध, हो. वेलची, हो. बदाम, नाही. किसमिस दाखवताना त्यांनीच मान हलवली आणि डबा परत ठेवला. तासाभराने त्यांनी चव घेतली, तोंड वाकडं केलं.

"हे खीर नाही बाई. दूधभात हाय."

मी दोन वाट्या खाल्ल्या.

पुण्यात परतल्यावर यादीत सुका मेवा वेगळ्या ओळीवर लिहिला. मग पिशवी रिकामी केली. दुसऱ्या दिवसाच्या पोळ्या डब्यात तशाच, कडक झालेल्या. आजवर माझा डबा भरलेला कधी परत आला नव्हता.